हौशी वाचकाचा अधिकार

आस्वादाला अधिकार लागतो, हे भारतीय साहित्यविचारातील जुने गृहीतक आहे. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्यानुशीलनाने मनाचा आरसा निर्मळ करून आलेला असतो. विज्ञानकथा आणि गणित यांच्याकडे केवळ हौसेने वळणाऱ्या वाचकापाशी असे संस्कार बहुधा नसतात. तरीही त्याला आनंद होतो. हा आनंद त्याचा स्वतःचा, की तज्ज्ञांकडून उसना घेतलेला? प्रश्न नैतिकही आहे, कारण न कळलेल्या गोष्टीने भारावून जाण्यात एक प्रकारचा अप्रामाणिकपणा संभवतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आली आणि तिला पारितोषिक मिळाले. लेखक जयंत विष्णु नारळीकर होते. टोपणनावात आद्याक्षरे तेवढी उलटी केलेली होती. म्हणजे परीक्षकांपुढे कथा होती, कर्त्याची कीर्ती नव्हती. आजचा वाचक तीच कथा खगोलशास्त्रज्ञाच्या हमीसह वाचतो. हमीमुळे कथेतील विज्ञानावरचा विश्वास वाढेल. कथेचा प्रत्यय वाढेल असे मानण्याचे कारण नाही. गृहीतक एकदा स्वीकारले की त्यातून पात्रांच्या वाट्याला काय अटळपणे येते, हे वाचक सापेक्षतेची समीकरणे न सोडवताही तपासू शकतो. तेवढ्यापुरता त्याचा आनंद स्वार्जित असतो.

गणितात असा करार उपलब्ध नाही. फेर्माच्या अखेरच्या प्रमेयाची अँड्र्यू वाइल्स यांनी दिलेली सिद्धता १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. सामान्य वाचक वाचतो ती त्या सिद्धतेची हकीकत. हकीकतीचा आनंद खराच, पण तो चरित्राचा आनंद आहे. याउलट दोनचे वर्गमूळ अपरिमेय असल्याची ग्रीक सिद्धता शाळकरी बीजगणितावर उभी आहे, आणि ती समजलेल्या वाचकापाशी ती संपूर्ण असते. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या आत्मसमर्थनपर पुस्तकात गणिती सौंदर्याचा नमुना म्हणून हीच सिद्धता निवडली, हे लक्षणीय आहे.

त्याच पुस्तकात हार्डी ८७१२ हा २१७८ च्या चौपट आहे, यासारख्या अंकगमतींना गांभीर्याच्या कक्षेबाहेर ठेवतात. येथे देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी: फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. हार्डींचा निकष लावला तर हे क्षुल्लक ठरेल. दशमान पद्धत बदलली की ही संख्याही उरत नाही. परंतु या निकषात गणिताच्या महत्तेचा विचार आहे, वाचकाच्या सचोटीचा नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला वाचक येथे कोणाच्याही शब्दावर विसंबलेला नसतो. मात्र पडताळा म्हणजे उपपत्ती नव्हे, आणि ‘असे का’ हा प्रश्न त्याला सोडत नाही. तो तीन अंकी संख्या घेतो, तेव्हा ४९५ हाती लागते. मग पाच अंकी संख्या घेतो, आणि कृती एका संख्येवर स्थिरावण्याऐवजी चक्रात फिरू लागते.