शेगडीची शोभा आणि धुराड्यातली मुले

भोपाळहून पचमढीस जाणाऱ्यांनी तेथील साहेबी अमदानीतल्या बंगल्यांत भिंतीत बांधलेली चूल पाहिली असेल. तीत कोळसा ठेवण्याची जी लोखंडी जाळी असते, तिचे मूळ घराणे इंग्लंडातले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्पज्ञाने प्राचीन रोमच्या धर्तीवर घरे सजविली, तेव्हा या जाळीलाही कलश, फुलमाळा आणि नक्षीची झालर मिळाली. १७५९ साली स्कॉटलंडात निघालेल्या कॅरन कारखान्यातूनही अशा ओतीव जाळ्या बाहेर पडल्या. आज जुन्या वस्तूंचे शौकीन त्यांना मोठी किंमत देतात.

वस्तू सुंदर आहे, यात शंका नाही. पण वाचकहो, सौंदर्याची सारी किंमत विकत घेणाराच देतो काय?

कोळशाला खालून वारा लागतो, म्हणून जाळी आली. त्याला अरुंद धुराडे मानवते, म्हणून धुराडी नऊ इंच बाय चौदा इंचांपर्यंत आकसली. त्यांत काजळी साचे, आणि ती खरवडण्यास लहान मुलेच आत शिरू शकत. या मुलांना पुढे काजळीमुळे कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली दाखविले. आठ वर्षांखालील मुले कामास ठेवू नयेत, असा कायदा १७८८ साली झाला. तो कागदावरच राहिला. १८०३ साली जॉर्ज स्मार्टने लांब दांड्याचा ब्रश तयार केला. उपाय हाती आला. पण वाकडी धुराडी बदलण्याचा खर्च घरमालकांना नको होता. ही रीत मोडण्यास १८७५ साल उजाडावे लागले. मध्ये बहात्तर वर्षे गेली!

ते लोक दुष्ट होते, असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. स्वतःच्या लेकरांना मांडीवर घेऊन ते त्याच विस्तवापुढे बसत. वर धुराड्यात कोणाचे लेकरू आहे, हे न पाहण्याची त्यांना सवय झाली होती.

आपल्या देशातही १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. यंत्रेही आहेत. तरी गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत माणसे उतरतात व गुदमरून मरतात. आपल्या घराची किंवा मंडळीच्या आवाराची टाकी तुंबली, म्हणजे आपण यंत्र मागवितो, की स्वस्तात उतरणारा माणूस शोधतो?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना सुंदर वस्तू जरूर दाखवाव्यात. त्याबरोबर एक प्रश्नही विचारावयास शिकवावा: ही स्वच्छ कोण ठेवतो, आणि त्याला काय सोसावे लागते?