उतारशाळेतील दोन दीनार

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय 10



सुगी आटोपली म्हणजे आपल्या मंडळ्यांत प्रवासाचे दिवस सुरू होतात. कोणी लग्नास निघतो, कोणी आजाऱ्यास शहरातील इस्पितळात नेतो, कोणी मुलास वसतिगृहात पोहोचवावयास जातो. घराबाहेर पाऊल पडले की तीन गोष्टी आपल्याबरोबर निघतात: वाट, जेवण आणि पैसा. ह्या तर संसाराच्या गोष्टी, त्यांचा भक्तीशी काय संबंध, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी लूकचा दहावा अध्याय एका बैठकीत वाचावा. आरंभी प्रभूने पाठविलेले सत्तर जण वाट चालत आहेत, मध्ये एक प्रवासी उतारशाळेत पैसे मोजून देत आहे, आणि शेवटी मार्थेच्या घरी जेवणाची धावपळ चालली आहे. वाट, जेवण आणि पैसा, तिन्ही एकाच अध्यायात प्रभूच्या नजरेखाली आली आहेत.

प्रथम त्या शोमरोनी प्रवाशाकडे पाहू. यरुशलेमाहून यरीहोस जाणारी वाट सुमारे 25 किलोमीटरांची, आणि तेवढ्यात सुमारे 1000 मीटर उतार. त्या निर्जन वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याची त्याला दया आली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आज त्याच्या थैलीकडेही लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. त्याने रखवालदारास दोन दीनार दिले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून दिसते की, एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे दोन दिवसांची कमाई त्याने परक्यासाठी काढून दिली. त्याने ती वाटेतच मौजेत उडविली असती, किंवा ती आधीच सावकाराच्या घरी गेली असती, तर काय झाले असते? दया मनात उपजली असती, पण आजारी उतारशाळेबाहेरच राहिला असता. दया हृदयात जन्मते खरी, परंतु ती उतारशाळेपर्यंत पोहोचावयास कनवटीला काही असावे लागते.

कोणी म्हणेल, ह्याच अध्यायात प्रभूने सत्तर जणांस थैली घेऊ नका असे सांगितले, त्याचे काय? ते प्रभूच्या कामास निघाले होते, आणि ज्या घरी ते उतरत ते घर त्यांस जेऊ घालीत असे. पुढे बाविसाव्या अध्यायात, धरून नेले जाण्याच्या रात्री, प्रभूनेच शिष्यांस थैली असल्यास ती बरोबर घेण्यास सांगितले. यावरून हे उघड आहे की रिकामी थैली म्हणजे पवित्रता नव्हे आणि भरलेली थैली म्हणजे पाप नव्हे. थैली कोणाच्या कामी येते, हा प्रश्न आहे.

आता वाटेविषयी बोलू. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभूने चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. प्रवासाचेही तसेच आहे. निघण्यापूर्वी कागदावर लिहावे: जाण्यायेण्याचे भाडे, जेवण, आहेर, आणि अकस्मात गरजेसाठी थोडी रक्कम. परतीचे भाडे निराळ्या पुरचुंडीत बांधावे व तिला हात लावू नये. ज्या सवलती राज्याने दिल्या आहेत त्या घेण्यात कमीपणा नाही. एसटीत 75 वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवासाची, आणि स्त्रियांस मार्च 2023 पासून अर्ध्या भाड्याची सवलत लागू झाली. वयाचा दाखला मात्र जवळ ठेवावा.

परंतु जे आपले नव्हे ते घेऊ नये. रेल्वेत पाच वर्षांखालील लेकरास भाडे नाही, आणि पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलास, निराळी जागा न घेतल्यास, अर्धे भाडे असते. तेरा वर्षांच्या मुलास खिडकीपाशी अकराचा म्हणून सांगितले तर काही रुपये वाचतात. पण ते मूल शेजारी उभे राहून ऐकत असते. रविवारच्या शाळेत वर्षभर शिकविलेले सत्य आईबापांनीच त्या खिडकीपाशी अर्ध्या भाड्यास विकले, असे होते. पॅसेंजरचे तिकीट काढून एक्स्प्रेसमध्ये बसणे हेही त्याच जातीचे.

जेवणाविषयी. घरून भाकरी, चटणी बांधून नेण्यात लाज नाही. खाणावळीत किंवा हॉटेलात बसावे लागले तर आधी दराचा फलक वाचावा, फलक नसल्यास विचारावे, आणि उठताना बिल तपासावे. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडू नये असा नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये केला, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. म्हणून तो आकार लावलेला दिसल्यास शांतपणे काढावयास सांगावे. तसेच वाढणारा पोऱ्या दोन चहा विसरून गेला असेल तर आपणच आठवण करून ते पैसे द्यावेत. त्याच्याशी अरेतुरे करू नये. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे हे ज्या अध्यायात सांगितले, तो आपण आताच वाचला.

उपदेशक बंधूंनो, त्याच ठिकाणी तुमच्यासाठी दोन सूचना आहेत. जे पुढे वाढले जाईल ते खावे, आणि घरे बदलीत फिरू नये. एखाद्या विधवेने ठेचा आणि भाकरी वाढली, आणि पलीकडच्या आळीत कोंबडी शिजत असली, तरी ज्या घरी उतरला तेथेच राहावे. त्या भाकरीची वार्ता गावात तुमच्या उपदेशाआधी पोहोचते. यजमानांसही मार्थेचे घर काही शिकविते. तिने स्वयंपाक केला म्हणून प्रभूने तिला बोल लावला नाही. तिची चिंता आणि दगदग पाहून लावला. पाळक येणार म्हणून दुकानात उधारी करून मटण आणणाऱ्या घरी पाळकाच्या घशाखाली घास कसा उतरावा? आम्ही पाळकांनीच आधी निरोप पाठवावा की, घरात जे असेल तेच करा.

आता पैशाविषयी. लग्नप्रवास, आहेर आणि मानपान ह्यांसाठी शेकडा पाच रुपये महिन्याने कर्ज काढणारे आपल्यांत आहेत. हिशेब करा. दहा हजारांवर महिन्यास 500, वर्षास 6000, आणि मुद्दल जागच्या जागी. दोन वर्षांत 12000 व्याज भरूनही दहा हजारांचे ओझे डोक्यावर तसेच. दोन दिवसांच्या मांडवासाठी दोन वर्षांची मजुरी गहाण पडते. कर्ज आणि दास्य ह्यांचे नाते नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि आपल्या मुलखाने ते भोगलेही आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांच्या गावोगाव पसरला, आणि सरकारला 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा करावा लागला. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. तेव्हा परवाना पाहिल्यावाचून कर्ज घेऊ नये, आणि पावतीवाचून हप्ता भरू नये.

आता सावकार मोबाईलमध्येही शिरला आहे. पाच मिनिटांत कर्ज देऊ म्हणणारे काही ॲप फोनमधील ओळखीच्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे मागतात, व पुढे त्यांच्याच आधारे बदनामीची धमकी देतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे मोबाईलवरील कर्जाचा सर्व खर्च आधी लेखी सांगावा लागतो. जेथे तो सांगत नाहीत तेथून मागे फिरावे. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे देतो म्हणून जो पिन टाकावयास सांगतो, तो वाटेवरच्या लुटारूंपैकीच आहे.

मग दोन दीनार साठावेत कसे? मजुरी हाती पडताच, खर्च सुरू होण्यापूर्वी, थोडा भाग बाजूला काढावा आणि बँकेत किंवा बचत गटात ठेवावा. फेब्रुवारी 2020 पासून बँकेतील ठेवींस प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळाले. थोड्या महिन्यांत दामदुप्पट देऊ म्हणणाऱ्याच्या हाती तो पैसा कधी देऊ नये.

परंतु काटकसर हेच ध्येय मानू नका. त्या वाटेने याजक आणि लेवी हेही गेले, आणि कदाचित त्यांच्याही थैल्या भरलेल्या असतील. थैली सांभाळली, पण मनुष्य वाटेवर टाकला, तर ती काटकसर काय कामाची? आपल्या रस्त्यांवरही रोज माणसे पडलेली असतात. पोलिसांचा ससेमिरा लागेल ह्या भीतीने पुष्कळ जण पुढे निघून जात. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम घालण्यात आले. अपघातातील जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा किंवा खटला चालणार नाही असे ते सांगते, आणि नियमांप्रमाणे त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही. त्या मदतनीसास कायद्याने जे नाव दिले ते ‘गुड समॅरिटन’, म्हणजे आपल्या दाखल्यातील चांगला शोमरोनी! देशाच्या कायद्याने तो दाखला ध्यानात घेतला, आणि प्रभूच्या मंडळीने तो केवळ वाचून ठेवावा काय? अपघात दिसला तर थांबावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत जखमीजवळ राहावे.

म्हणून, बंधुभगिनींनो, पुढच्या प्रवासास निघताना हिशेबाच्या कागदावर शेवटची एक ओळ अवश्य लिहा: वाटेवर भेटणाऱ्यासाठी इतके. रक्कम थोडी असो, पण ती कर्जाची नसावी आणि ती दुसऱ्या कशात खर्चू नये. कोणी न भेटल्यास परत आल्यावर ती मंडळीतील आजाऱ्यासाठी द्यावी.

प्रभू तुमची वाट निर्विघ्न करो, तुमच्या पानातील घास गोड करो, आणि तुमची थैली त्याच्या कामी येवो. आमेन.