उतारूची नोंद आणि उतारूची ओळख

मुंबई बंदरातल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तेव्हापासून समुद्रपर्यटनावर जे जे छापून येते ते मी मन लावून वाचतो आणि दर वेळी तोच प्रश्न उरतो, की या सगळ्यात उतारू कुठे आहे? जहाजाची लांबी असते, मजले असतात, धक्क्याचा खर्च असतो. उद्घाटनाच्या वर्षभर आधी, ३० सप्टेंबर २०२४ ला, मुंबईतूनच ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले होते. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असे त्याचे उद्दिष्ट. उद्दिष्टाला माझी हरकत नाही. पण दुप्पट म्हणजे कोण, ते पहिल्यांदा का येतील आणि दुसऱ्यांदा का येतील, यावर चर्चा सुरू झाली की ती दोन शब्दांवर येऊन थांबते. एक सवलत, दुसरा पॉइंट. नवा माणूस सवलतीने ओढायचा आणि दर सफरीला पॉइंट देऊन बांधून ठेवायचा. महागड्या जहाजांबद्दलही हेच बोलले जाते, आणि तिथे तर ते सपशेल चुकीचे आहे असे माझे मत आहे.

हे मी महाडमध्ये बसून लिहितो आहे, म्हणून एका आक्षेपाला आधीच उत्तर देतो. ज्या तालुक्यात दरडीखाली गेलेले तळीये आहे तिथे बसून श्रीमंतांच्या जहाजांवर कसले लिहिता, असे कोणी म्हणेल. पण त्या जहाजांवर खोल्या झाडणारी, ताटे उचलणारी माणसे याच खोऱ्यांतून, गोव्यातून, रत्नागिरीतून गेलेली आहेत. आमच्याकडे कुणाच्या घराची चौकशी केली की ‘त्यांचा मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. आणि ज्या फरकाभोवती हा सगळा लेख फिरणार आहे, तो मला जहाजावर उमगलेला नाही. तो तळीयेत उमगला.

२२ जुलै २०२१ ला तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. त्याच अतिवृष्टीत पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीही खचली, महाड शहर पाण्यात होते, रस्ते तुटले होते. तळीयेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. काही दिवसांनी शोध थांबवला गेला आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत घोषित केले गेले. आता, न सापडलेले कोण, हे ठरवायचे कसे? याद्या होत्या. रेशनकार्ड होते, मतदारयादी होती. पण त्या दिवशी कोणत्या घरात कोण होते, मुंबईहून कोण आलेले होते, कोण माहेरी गेलेली होती, हे कोणत्याही कागदावर नसते. ते उरलेल्या माणसांनाच ठाऊक असते. यादीत असते ती नोंद. उरलेल्या माणसांकडे असते ती ओळख. हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण त्यांच्यामध्ये दरी आहे.

नोंदीला मी कमी लेखत नाही. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि नेमकी किती हे आजही वेगवेगळे सांगितले जाते. धड नोंद असती तर मेलेल्यांची संख्या तरी निश्चित झाली असती. नोंद हवीच. माझा विरोध नोंदीलाच ओळख समजण्याला आहे, आणि सवलत-पॉइंटवाल्यांचा सगळा डोलारा या गैरसमजावर उभा आहे.

त्यांचे म्हणणे नीट मांडतो, कारण ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, माणूस पहिल्यांदा जहाजावर चढायला घाबरतो. समुद्र लागेल, कंटाळा येईल, जेवण जमेल का, पैसे वाया जातील. ही भीती किमतीने उतरते. दोन रात्रींची छोटी सफर द्या, भाडे उतरवा, जैन जेवण ठेवा. एकदा आला की त्याची आवडनिवड टिपून घ्या, पॉइंट जमा करा, पॉइंटनुसार मानाच्या पायऱ्या चढवत न्या. पाचव्या सफरीला त्याला दुसऱ्या कंपनीकडे जाणे परवडणार नाही.

यातला पहिला भाग, सवलतीचा, सामान्य जहाजांपुरता खरा आहे. ‘कॉर्डेलिया’ २०२१ पासून मुंबईहून अशाच छोट्या सफरी करते आहे आणि त्यामुळे हजारो कुटुंबे पहिल्यांदा जहाजाची शिडी चढली. पण महागड्या जहाजांची वाट वेगळी आहे. तिथे किंमत उतरवत नाहीत, बिल नाहीसे करतात. ‘रीजेंट’, ‘सिल्व्हरसी’, ‘सीबोर्न’ यांच्या भाड्यात जेवण, पेये, बक्षिसी सगळे आधीच धरलेले असते, काही ठिकाणी किनाऱ्यावरच्या सहलीही. भाडे जबर असते. पण एकदा चढलेल्या माणसाचा हात सफरभर खिशाकडे जात नाही. आपल्याकडे पाहुण्याला जेवताना पोळीचा हिशेब दाखवत नाहीत, त्याच जातीची ही गोष्ट. ‘व्हायकिंग’ने तर नकार हेच आमंत्रण केले. जहाजावर जुगार नाही, लहान मुले नाहीत. १९९७ मध्ये नदीवरच्या छोट्या बोटींनी सुरुवात केली, २०१५ मध्ये समुद्रात उतरले आणि समुद्रासाठीचे उतारू त्यांना नदीवरच मिळाले. ‘रिट्झ-कार्लटन’ने २०२२ मध्ये पहिले जहाज काढले, तेव्हा हॉटेलात वर्षानुवर्षे उतरणारी माणसे त्यांच्यासमोर होती. या कुणीही अनोळखी माणसाला स्वस्तात फूस लावून चढवलेले नाही. आधीच्या ओळखीला त्यांनी पुढचे दार उघडून दिले.

दुसरा भाग, पॉइंटचा. इथे मला थांबावेसे वाटते, कारण चूक इथे मुरलेली आहे. २०२४ मध्ये ‘रॉयल कॅरिबियन’ने उतारूने एका कंपनीत मिळवलेली पायरी आपल्या तिन्ही कंपन्यांमध्ये लागू केली. म्हणजे मोठ्या गर्दीच्या जहाजावर कमावलेला मान आता ‘सिल्व्हरसी’सारख्या छोट्या, महाग जहाजावरही चालतो. पॉइंटवाल्यांना ही भक्तीची परमावधी वाटली. मला ती नेमकी उलटी साक्ष वाटते. जे एका जहाजावरून दुसऱ्यावर जसेच्या तसे उचलून नेता येते, ते त्या जहाजाचे नव्हतेच. उद्या दुसऱ्या कंपनीने तीच पायरी मान्य केली तर माणूस तिकडे जाईल, आणि त्यात बेइमानी काही नाही. पॉइंट माणसाला बांधतो तो व्याजासारखा. व्याज जास्त मिळेल तिथे ठेव जाते.

उलट बाजूने पाहा. जानेवारी २०२२ मध्ये ‘क्रिस्टल’ ही नामांकित कंपनी मालक कंपनीचे दिवाळे निघाल्याने बंद पडली. दुसऱ्या कंपनीने तिचे नाव आणि दोन जहाजे विकत घेतली, २०२३ मध्ये ती पुन्हा पाण्यात आली. त्या वेळी नव्या मालकांनी सर्वांत मोठ्याने काय सांगितले? जुने कर्मचारी परत आणले आहेत, हे. पडदे, गालिचे, खोल्या सगळे नवे केले होते, पण जुन्या उतारूंना बोलावताना पुढे केली ती माणसे. उतारूंच्या नोंदी तर विकत मिळतात. नोंदीतल्या माणसाला ओळखणारा मात्र पगार देऊन परत बोलवावा लागतो.

तळीयेच्या वाटेवरच्या एका गावात एक काका राहतात. अशाच एका महाग जहाजावर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग खोल्या सांभाळण्यात घालवला. जहाजाचे नाव लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पडवीत बसलो असताना त्यांनी एका बाईंची हकीकत सांगितली. बाई दरवर्षी यायच्या. त्यांच्या नावापुढे कंपनीच्या यादीत लिहिलेले होते, सकाळी आल्याचा चहा. “एका वर्षी आल्या आणि तीन दिवस कप भरलेलाच परत. चौथ्या दिवशी मी चहा नेलाच नाही. गरम पाणी आणि लिंबू नेलं. त्यांनी काही विचारलं नाही, मीपण काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या.”

नोंद खोटी नव्हती. ती जुनी होती, आणि नोंद नेहमी जुनीच असते. काल काय आवडले ते तिला ठाऊक असते, आज काय नकोसे झाले आहे ते दिसायला कप उचलणारा हात लागतो. पॉइंटवाले म्हणतील, मग भरलेल्या कपाचीही नोंद ठेवू, यंत्र तेही शिकेल. शिकेल. पण काकांनी लिंबू नेले आणि गप्प राहिले, त्या गप्प राहण्यातच बाईंचा मान होता.

आता माझ्या मताविरुद्धचा खरा आक्षेप, जो क्रूझवर लिहिणाऱ्यांपैकी कुणी घेतलेला मी पाहिला नाही. ओळख, ओळख काय करता? या देशात ओळखीनेच माणसे चिरडली. नोंद निदान आंधळी असते. हा आक्षेप मला महाडनेच शिकवला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर सुमारे २०० प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरहून मोटारीने येण्याची वाट सोयीची होती. पण मोटारवाले ऐन वेळी नकार देतील अशी शंका होती, म्हणून समुद्रमार्गे सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरावर उतरून पुढचे पाच मैल चालत यायचे ठरले. मोटारवाला ‘ओळखत’ होता. आगबोटीचे तिकीट मात्र तिकीट होते. ज्यांना ओळखीचा जाच भोगावा लागला त्यांना अनोळखी राहण्याचा हक्क किती मोलाचा असतो, हे ध्यानात न घेता ओळखीचे गोडवे गाणारा मनुष्य उथळ आहे.

या आक्षेपाने मी बराच काळ अडलो होतो. पण मोटारवाला ज्याला ओळख समजत होता ती ओळख होती का? त्याने समोरच्या माणसाकडे पाहिलेच नव्हते. त्याच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक नोंद होती, जन्माची, आणि ती त्याने कपाळावर वाचली. जात ही सर्वांत जुनी नोंदवही आहे. ती कधी सुधारली जात नाही आणि तिच्यातला माणूस बदलू शकतो हे ती मान्य करत नाही. म्हणून ओळखीचा अर्थ मी इथे आणखी अरुंद करतो. समोरचा बदलला असेल ही शक्यता धरून जे जाणणे असते, तेवढ्यालाच मी ओळख म्हणतो.

उतारूने जहाजाला आपले मानणे आपल्या किनाऱ्याला अगदीच परके नव्हते. १९०६ मध्ये स्वदेशीच्या भरात इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली, तिला लोकांनी नाव दिले ‘माझी आगबोट कंपनी’. बोटींची नावे संतांची, रामदास, तुकाराम. समोर बलाढ्य बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. कोकणी माणूस बोटीत चढायचा तो गरजेने, कारण रस्ते नव्हते. एसटी आणि महामार्ग आल्यावर तो उतरला, आणि कोकण रेल्वे येण्याआधीच बोटी थांबल्या होत्या. हे मी लपवत नाही. गरज संपल्यावर निष्ठा उरली नाही. पण ‘माझी’ हा शब्द जाहिरातदाराने घडवलेला नव्हता. तो चढणाऱ्यांनी दिला होता, आणि असा शब्द मिळावा म्हणून आजच्या कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात.

आजच्या मराठी मध्यमवर्गाने जहाज पहिल्यांदा पाहिले ते सिंगापूरच्या सहलीला जोडून आलेल्या एक-दोन रात्रींत, ‘केसरी’सारख्या कंपनीच्या गटातून. त्या गटातल्या आजींना जहाज आठवत नाही, टूर मॅनेजर आठवतो. पुढच्या सहलीची चौकशी करताना त्या आधी ‘तो मुलगा असणार का’ हे विचारतात.

मग महागड्या जहाजाला नवा उतारू टिकवायचा असेल तर टिकवायचे कोणाला? खलाशी, वाढपी, खोल्या सांभाळणारे, यांना. जहाजावरची नोकरी सहा-आठ महिन्यांच्या कराराची असते. करार संपला की माणूस घरी येतो, भात लावतो, छप्पर शाकारतो आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहतो. पुढचा करार त्याच जहाजावर मिळेल याची खात्री नसते. जो उतारूला ओळखतो त्याला दुसऱ्याच समुद्रात पाठवायचे आणि उतारूला बांधण्यासाठी पॉइंटची यंत्रणा उभारायची, यावर कंपन्यांच्या कचेऱ्यांत कोणी विचार करते का? उद्या मुंबईहून खरोखरच महाग जहाजे सुटू लागली, तर महाड-पोलादपूरच्या पोरांशी होणाऱ्या करारात त्याच जहाजावर परतण्याची तरतूद असावी. सवलतींच्या जाहिरातीवर जो पैसा जातो त्याच्या लहानशा भागात हे होईल.

काकांचा शेवटचा करार दुसऱ्या जहाजावरचा होता. त्या वर्षी बाई नेहमीप्रमाणे जुन्या जहाजावर आल्या. काकांच्या जागी गेलेल्या मुलाने नंतर फोनवर सांगितले, बाईंनी पहिल्या दिवशी तुमची चौकशी केली, पुन्हा केली नाही. आणि सकाळी यादीप्रमाणे त्याने आल्याचा चहा नेला होता.