मागच्या रांगेतले गृहस्थ

1838 साली लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. चित्र उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत, त्यामुळे येणारी-जाणारी माणसं, गाड्या त्यात आल्याच नाहीत. आला तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस. छायाचित्रात दिसणारा बहुधा हा पहिलाच माणूस, आणि त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही! पॉलिश करणारा तर नुसता धूसर, कष्टकऱ्याचं नेहमीचंच. आपल्या घरच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतही मागच्या रांगेत टोपीवाले एक गृहस्थ असतात. ते कोण, हे फक्त आजीला माहीत असतं. आज तिच्याशेजारी बसा. फोटोमागे नाव, गाव, साल मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा. शाईनं नको, ती पुढे उमटते.