मापात न बसणारा देह

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षण वर्गाची सहल एका मनोरंजन उद्यानात गेली होती. मुलांवर देखरेख ठेवण्यासाठी जी चार-पाच मोठी माणसे हवी होती, त्यांत आमचीही वर्णी लागली. आमचा देह स्थूल आहे. स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करण्याची आमची जुनी सवय आमच्या आकारमानाला शोभून दिसते, असे आमचे एक स्नेही म्हणतात आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसतो. पण त्या दिवशी जो हशा पिकला त्यात आम्हांला सामील होता आले नाही.

पाऊण तास रांगेत उभे राहून आम्ही एका वेगवान राईडच्या गाडीत बसलो. कर्मचाऱ्याने डोक्यावरून खाली येणारा सुरक्षा-दांडा आमच्या छातीवर आणून दाबला. खटका पडला नाही. त्याने पुन्हा दाबला. मग त्याने दुसऱ्या कर्मचाऱ्याला हाक मारली आणि कपड्यांनी गच्च भरलेली ट्रंक बंद करताना लावावा तसा जोर दोघांनी मिळून लावला. तरीही खटका पडला नाही. गाडी खोळंबलेली, मागे शे-दीडशे माणसांची रांग, आणि साऱ्यांचे डोळे आमच्या पोटावर. “काका, नाही होणार. उतरा तुम्ही,” तो तरुण म्हणाला. त्याच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. कुचेष्टा रांगेत होती. तेथे कुणीतरी काहीतरी बोलले आणि सारे खो-खो हसले.

आम्ही उतरलो. साठीला आलेल्या माणसाला असल्या गोष्टी पचवता येतात. पण उतरताना आमची नजर मागे उभ्या असलेल्या आमच्याच वर्गातील एका मुलाकडे गेली. वय तेरा, अंगाने चांगलाच भरलेला, वर्गात उत्तरे देण्यात सर्वांच्या पुढे. त्याने आमच्याकडे पाहिले, मग त्या दांड्याकडे पाहिले आणि शेजारच्या मित्राला म्हटले, “माझ्या पोटात दुखतंय, तुम्ही जा.” त्यानंतर दिवसभर तो एका बाकावर बसून इतर मुलांच्या पिशव्या सांभाळत राहिला. परतताना बसमध्ये वडापाव वाटला, तोही त्याने घेतला नाही.

त्या न घेतलेल्या वडापावाने आम्हांला फार दिवस छळले. त्या दिवशी अन्याय झाला का? झाला असल्यास तो कुणी केला? आमचा पहिला राग, सांगायला संकोच वाटत नाही, उद्यानावर होता. तिकीट घेताना आमच्याकडून इतरांइतकेच पैसे घेतले, मग आसन मात्र इतरांच्याच मापाचे का? राग ओसरल्यावर आम्ही या यंत्रांविषयी थोडे वाचन केले आणि आमचा दावा आमच्याच हाती ढिला पडला.

अशी गाडी टेकाडावरून सुटते किंवा चक्रात उलटते, तेव्हा बसलेल्याचा देह क्षणभर आसनापासून वर उचलला जाऊ लागतो. त्या क्षणी माणूस आणि पोकळी यांच्यामध्ये तो दांडा असतो, दुसरे काही नसते. तो ठरावीक खाचेपर्यंत खाली आला तरच माणसाला धरू शकतो. खटका हे त्याचे प्रमाणपत्र. आणि येथे प्रश्न केवळ वजनाचा नसतो. सारख्याच वजनाच्या दोघांपैकी एकाला दांडा सहज बसतो आणि दुसऱ्याला बसत नाही, कारण एकाचे मांस कंबरेखाली असते व दुसऱ्याचे छातीपोटावर. व्यायामाने छाती रुंद झालेले धिप्पाड तरुणही अशा गाड्यांतून परत पाठवले जातात. जुन्या पद्धतीच्या काही पाळण्यांत तर एकाच ओळीतल्या दोघा-तिघांना मिळून एकच आडवा दांडा असतो. तेथे आमच्यासारखा माणूस लहान मुलाच्या शेजारी बसला तर दांडा आमच्या पोटाशी येऊन थांबतो आणि त्या मुलाच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. मूल आनंदाने किंचाळत असते. त्याला काय ठाऊक! हे वाचले त्या रात्री, आजवर किती भाच्या-पुतण्यांना आम्ही हौसेने शेजारी बसवून घेतले होते, ते आठवून आम्हांला झोप लागली नाही.

परदेशातील एक घटना येथे सांगणे आवश्यक वाटते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो हे शहर अशा उद्यानांची राजधानीच आहे. तेथे ‘फ्री फॉल’ नावाचा चारशे फुटांहून उंच मनोरा होता. माणसांना वर नेऊन तेथून एकदम खाली सोडणारा. २४ मार्च २०२२ रोजी मिसुरी राज्यातून सुट्टीसाठी आलेला चौदा वर्षांचा एक मुलगा त्यावर चढला. अंगाने मोठा, फुटबॉल खेळणारा. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत बसणाऱ्याच्या वजनाची कमाल मर्यादा १३० किलो लिहिलेली होती. त्याचे वजन तिच्याहून पुष्कळ अधिक होते. मनोरा खाली येताना वेग आवरू लागला आणि तो मुलगा आसनातून निसटून पडला. त्याचा मृत्यू झाला. पुढे चौकशीत आढळले की त्याच्या आसनाचा संवेदक हाताने फिरवून ठेवलेला होता. दांडा नेहमीपेक्षा कितीतरी अधिक उघडा असतानाही यंत्राला तो बंद वाटत होता आणि हिरवा दिवा लागत होता. त्याच दिवशी आधी दुसऱ्या राईडवरून आकारामुळे त्याला परत पाठवले होते, असे त्याच्या वडिलांनी वृत्तवाहिनीला सांगितले. २०२३ साली तो मनोरा पाडण्यात आला आणि त्या मुलाच्या नावाने फ्लोरिडात सुरक्षेचा कायदाही झाला.

वाचकहो, आमचे मन त्या नकारापाशी थांबते. आम्हांला जी लाज वाटली तीच त्या मुलाला त्या दिवशी आधीच वाटली असणार. जेथे त्याला लाज वाटली तेथून तो जिवंत परतला. जेथे कुणीही ‘नाही’ म्हटले नाही, जेथे त्याचे हसून स्वागत झाले, तेथे मृत्यू होता. कुणाचे मन दुखावू नये म्हणून संवेदक फिरवला की एक तिकीट हातचे जाऊ नये म्हणून, हे फिरवणाऱ्यालाच ठाऊक. पण त्याला दया म्हणता येणार नाही. आमच्या छातीशी अडलेला तो दांडा आणि “उतरा तुम्ही” म्हणणारा तो तरुण यांच्यावरचा आमचा राग ही हकीगत वाचली तेव्हा पार निवला.

मग दोष कुणाचाच नव्हता काय? तसेही आम्हांला म्हणवत नाही. सत्य सांगणे हे कर्तव्य खरे. पण ते कोठे, केव्हा आणि किती जणांसमोर सांगायचे हाही कर्तव्याचाच भाग आहे. डॉक्टर रोग्याचा आजार बाह्यरुग्ण विभागाच्या दारात उभे राहून ओरडून सांगत नाहीत. त्याच ऑर्लँडोत २०१० साली हॅरी पॉटरच्या कथांवर आधारलेली एक मोठी राईड सुरू झाली, तेव्हा रांगेत तिष्ठलेल्या अनेक स्थूल माणसांना ऐन आसनावरून परत फिरावे लागले. पुढे त्या उद्यानाने काही आसनांत थोडा बदल करून ती मोठ्या देहांना सोयीची केली. राईडच्या बाहेर, रांग सुरू होण्यापूर्वीच, नमुन्याचे एक आसनही तेथे ठेवलेले असते. ज्याला शंका असेल त्याने बसावे, दांडा ओढून पाहावा, आणि नाही जमले तर निमूटपणे दुसरीकडे जावे. त्याच शहराजवळ डिस्नेच्या उद्यानात २०२३ साली सुरू झालेल्या ‘ट्रॉन’ या राईडमध्ये मोटारसायकलीवर ओणवे व्हावे तशी आसने आहेत. ज्यांना ती जमत नाहीत त्यांच्यासाठी गाडीच्या मागच्या टोकाला सरळ बसण्याची साधी आसनेही ठेवलेली आहेत. भौतिक नियम दोन्हीकडे तेच. यावरून दिसते की ज्याला आपण यंत्राची मर्यादा म्हणतो तिच्यातला काही भाग निसर्गाचा असतो आणि काही भाग, आसन आखताना कुणाचा देह डोळ्यांसमोर ठेवला त्या माणसाचा. पहिल्या भागापुढे आम्ही मान तुकवतो. दुसऱ्याविषयी विचारणा करण्याचा आम्हांला अधिकार आहे, आणि ती आम्ही पत्र लिहून त्या उद्यानाकडे केलीही. उत्तराची वाट पाहत आहोत.

येथे काही वाचक मनात म्हणतील, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा जिभेला लगाम घातला तर? खादाडपणा हे सप्त महापातकांपैकी एक आहे हे आम्हीही लहानपणी पाठ केले आहे. पण ते पातक मनाच्या हावरेपणाचे आहे, कंबरेच्या घेराचे नाही. पाच पदार्थांवर ताव मारून काडीसारखी राहणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. वजन वाढण्यामागे आनुवंशिकता असते, ग्रंथींचे विकार असतात, काही औषधे असतात, बैठे काम असते, आणि होय, खाणेही असते. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हा खाडी ओलांडून तेथे जाणाऱ्या सडपातळ मंडळींत आम्हीही होतो. कोणत्याही आसनात मावत होतो. ते उद्यान २०२२ साली बंद पडले आणि तो आमचा देहही केव्हाच अस्तंगत झाला. तेव्हाचे आम्ही अधिक सज्जन होतो आणि आताचे कमी, असे निदान आमच्या पत्नीचे मत नाही. वजनाविषयी आमचे डॉक्टर आम्हांला स्पष्ट बोलतात आणि ते बोलणे आम्ही ऐकून घेतो. तो त्यांचा अधिकार आहे. राईडच्या रांगेला तो कुणी दिलेला नाही.

आणि रांग म्हणजे तरी कोण? त्या दिवशी हसणाऱ्यांत आमच्याच धर्मग्रामाची मुले होती. ती हे कोठे शिकली हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. लग्नाच्या मांडवात वर्षाने भेटलेल्या मुलीला “काय गं, किती सुटलीस!” असे म्हणून आपण कुशल विचारतो. गावागावांत ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ही नावे बाप्तिस्म्याच्या नावापेक्षा अधिक टिकतात. संत थॉमस अक्विनास कोलोनला शिकत असताना त्यांच्या भारदस्त देहामुळे आणि अबोलपणामुळे सोबती त्यांना ‘मुका बैल’ म्हणत. त्यांचे पोट सामावावे म्हणून जेवणाच्या मेजाला अर्धवर्तुळाकार खाच पाडली होती, ही दंतकथा असेल. पण आम्हांला ती फार आवडते. मेज कापणारा तो अज्ञात सुतार आमच्या लेखी त्या टोपणनाव ठेवणाऱ्यांपेक्षा मोठा धर्मशास्त्री आहे. टोपणनाव मात्र दंतकथा नव्हे, आणि ते ठेवणारे पुढे गुरुबंधू म्हणून मिरवले असतील!

आमच्यासारख्यांनी घरीच बसावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. थोडी तयारी मात्र हवी. उद्यानाला आधी दूरध्वनी करून कोणत्या राईडला वजनाची अथवा मापाची अट आहे हे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जावे. गर्दी कमी असली की कर्मचाऱ्याला बाजूला घेऊन “आम्ही बसू शकू का?” असे हळू आवाजात विचारता येते. दिवसभर चालून मांड्या घासतात आणि सोलवटतात, म्हणून आत सुती आखूड चड्डी घालावी. हा विषय साहित्यिक त्रैमासिकाला शोभत नाही, पण दुपारी तीन वाजता साहित्य उपयोगी पडत नाही. प्रवेशद्वारावरच्या फिरत्या दांड्यातून जाणे कठीण वाटले तर शेजारचे रुंद फाटक उघडून मागावे. बाळगाड्यांसाठी आणि चाकाच्या खुर्च्यांसाठी ते बहुधा असतेच. होड्यांच्या आणि सलग बाकांच्या राईड्समध्ये सहसा अडचण येत नाही. पाण्याच्या घसरगुंड्यांवर मात्र वजनाची मर्यादा असते. तेथे फलक वाचून मगच जिना चढावा, म्हणजे सर्वांदेखत उतरावे लागत नाही.

यंदाची सहल नाताळच्या सुट्टीत ठरली आहे. गेल्या आठवड्यात आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, “तो नाही म्हणतोय. अभ्यास आहे म्हणतो.” तो आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसला होता, पान काही उलटत नव्हते. आम्ही त्याच्या आईला, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने, उद्यानातून मिळालेली सारी माहिती सांगितली: कोणत्या चार राईड्स बाकाच्या आहेत, कोणत्या दोन ठिकाणी खटक्याची शंका आहे, आणि त्या दोन ठिकाणी सकाळी फाटक उघडताच, रांग लागण्यापूर्वी, आसनात बसून पाहू द्यायचे तेथल्या व्यवस्थापकांनी कसे कबूल केले आहे. गेल्या वर्षी त्याच्या पोटात दुखले नव्हते हे आम्हांला ठाऊक आहे, हे मात्र आम्ही बोललो नाही.

थोड्या वेळाने तो दाराशी आला. “अंकल, आधी तुम्ही बसणार की मी?”

“आधी आम्ही.”

“आणि खटका नाही पडला तर?”

“तर तू बसून पाहा. तुझाही नाही पडला तर दोघे मिळून पिशव्या सांभाळू. बाक रुंद आहे.”

“वडापाव असेल?” त्याने विचारले. आईने कपाळावर हात मारला. आम्ही यादीत त्याचे नाव लिहून घेतले.