बक्षीस कशाचं?

रोल-प्लेइंग गेम खेळणारे चारजण एकत्र आले की कोणती सिस्टम चांगली यावर वाद ठरलेला. काहींचं म्हणणं, खेळ चालवणारा डीएम (डंजन मास्टर) चांगला असला की नियम कुठलेही चालतात. इतरांचं म्हणणं, नियमच खेळ घडवतात. रॉन एडवर्ड्स या अमेरिकन गेम डिझायनरने 'सिस्टम डझ मॅटर' नावाचा निबंध लिहून या दुसऱ्या बाजूला बळ दिलं, पण वाद काही मिटला नाही. मला वाटतं, तो मिटत नाही कारण तो भलत्याच पानांवर चालतो. फासा वीस बाजूंचा की शंभरातला, लढाईचे नियम सुटसुटीत की किचकट, पुस्तक किती पानांचं, याचीच चर्चा होते. मी नवं रूलबुक हातात आलं की आधी एक्सपीचं पान काढतो. या खेळात माणूस कशामुळे वाढतो, ते तिथे लिहिलेलं असतं.

हा खेळ ज्यांनी फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. डीएम समोरचं जग सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. केलेल्या कामगिरीबद्दल एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण मिळतात. ते ठरावीक आकड्याला पोचले की पात्राची लेव्हल वाढते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. त्यातला सगळ्यात चेष्टेचा विषय झालेला नियम असा : भुयारातून सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक एक्सपी. सोनं उचलून आणल्याने तलवार चालवण्यात कोणी तरबेज कसा होईल? प्रश्न बरोबर आहे. पण त्याच नियमाचा १९८१च्या 'बेसिक' आवृत्तीत हिशोब करून पाहा.

त्या आवृत्तीत फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, दुसऱ्या लेव्हलसाठी २००० एक्सपी लागतात. ऑर्क नावाचा एक राक्षस मारला तर मिळतात १०, आणि तेही सगळ्यांत वाटून. चौघांनी सहा ऑर्क मारले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५. म्हणजे लढून वर जायचं तर अशा सव्वाशेहून जास्त लढती हव्यात. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूझरचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) सहसा फार तर चार, तलवारीच्या एका घावात तो संपू शकतो. याउलट ८०० नाण्यांची एक पेटी बाहेर काढली की प्रत्येकाला थेट २००. आकडेमोड करणारा खेळाडू लगेच ओळखतो की लढाई हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. मग तो ऑर्कांशी बोलणी करतो, त्यांना लाच देतो, पहारा बदलायची वाट बघतो, मागचा रस्ता शोधतो.

आणि बाकीचे नियमही याच खुंटीला बांधलेले दिसू लागतात. दहा नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे ती ८०० नाणी जवळपास ३६ किलोंची. ओझं वाढलं की चाल मंदावते. मशाल एक तास जळते. खेळातल्या दर वीस मिनिटांनी डीएम सहा बाजूंचा फासा टाकतो, एक पडला की कुठूनतरी एखादा प्राणी येऊन ठाकतो. आणि समोर आलेला प्राणी हल्लाच करेल असंही नाही, त्याची वृत्ती दोन फाशांवर ठरते. एकेकटे वाचले तर हे नियम कारकुनी वाटतात. सोन्याचा नियम मध्ये ठेवला की हीच कलमं एका दरोड्याचा आराखडा होतात. किती उचलायचं, किती सोडून पळायचं, हा प्रश्न प्रत्येक खोलीत उभा राहतो. अर्नेसन यांच्या 'ब्लॅकमूर' या खेळजगात तर एक पाऊल पुढचा प्रकार होता : सोनं नुसतं आणून भागत नसे, ते पात्राच्या आवडीनिवडीवर उधळावं लागे.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत एक्सपीचा हिशोब मुख्यतः समोरच्या शत्रूच्या ताकदीवर मांडला गेला आणि बरोबरीच्या साधारण तेरा चकमकींमागे एक लेव्हल असा अंदाज बसवला गेला. शत्रूला चुकवून पार गेलात तरी गुण द्यावेत अशी सोय त्यात होती, हे मान्य. तरी परीक्षेत जे विचारतात तेच मुलं वाचतात. टेबलांवर लोक लढू लागले, कारण गुणांचं कोष्टकच लढतींचं होतं. यात वाईट काही नाही, चुरशीची लढाई खेळायची असेल तर तिसरी आवृत्ती उत्तमच. फक्त जुन्या आणि या आवृत्तीवर एकच नाव छापलेलं असल्यामुळे लोकांना वाटतं की आपण एकच खेळ खेळतोय.

बक्षीस खेळ घडवतं, हेच वेगळ्या वाटेने 'रूनक्वेस्ट' या दुसऱ्या खेळाने १९७८मध्येच करून दाखवलं होतं. तिथे लेव्हल नाही. जे कौशल्य वापरून यश मिळालं त्यापुढे खूण करायची, नंतर शंभरातला फासा टाकायचा आणि आकडा सध्याच्या कौशल्याहून जास्त आला तरच ते वाढतं. जितके निष्णात, तितकं शिकणं अवघड. माणसाचं अगदी असंच होतं. पण खेळाडू ते खेळाडूच. खुणा गोळा करायला ते एकाच लढाईत भाला टाकून कुऱ्हाड, कुऱ्हाड टाकून गदा घेतात!

'कॉल ऑफ क्थुलू'ने (१९८१) तीच खुणांची पद्धत घेतली आणि तिला एक विषारी काटा जोडला. विश्वामागचं भयंकर सत्य जितकं कळेल, तितकी तुमच्या मानसिक स्थैर्याची कमाल मर्यादा खाली येते. शोध घेणं हेच खेळाचं काम आणि शोधाचं फळ म्हणजे वेड. त्या खेळातली भीती मुख्यतः या एका वजाबाकीतून येते, राक्षसांच्या वर्णनांतून त्यामानाने फार थोडी. अलीकडच्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये (२०१२) फासा फसला की एक्सपी मिळतो. त्यामुळे भित्रा खेळाडूही धाडसाला हात घालतो.

आता पहिल्या बाजूचा आक्षेप. आमच्या डीएमने नियम गुंडाळून ठेवले तरी मजा आली, असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण त्या टेबलावर बक्षिसं नव्हती असं नाही, ती लिहिलेली नव्हती इतकंच. डीएम कोणाच्या बोलण्यावर खुलून हसतो, कोणाच्या बेताला अर्धा तास देतो, कोणाचं 'मी दाराशी कान लावतो' हे वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं करतो, हे खेळाडू टिपत असतात आणि तसे वागू लागतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीतली माइलस्टोन पद्धत, म्हणजे कथा ठरावीक टप्प्यावर आली की डीएमने सगळ्यांची लेव्हल वाढवायची, याच न लिहिलेल्या बक्षिसाला अधिकृत करते. हिशोबाची कटकट जाते आणि बरीच टेबलं त्यावर खूश आहेत. मला ती आवडत नाही. टप्पे डीएमच्या मनात असतात, म्हणून खेळाडू त्याच्या तयारीचा माग काढत बसतात आणि ऑर्कांना लाच देऊन मागच्या दाराने निसटण्यात हशील उरत नाही.

अर्थात ज्यांना लेव्हलशी देणंघेणंच नाही असेही लोक असतात. आपल्या पात्राच्या आवाजात बोलायला ते आलेले असतात आणि एक्सपीचा रकाना महिनोन्‌महिने कोरा सोडतात. त्यांच्यापुढे माझा हा सगळा हिशोब लंगडा पडतो. तशा चौघांसाठी सिस्टम निवडायची असेल, तर मी एक्सपीचं पान मिटून पात्र तयार करण्याचं प्रकरण उघडेन.