मोजणाऱ्याचे शून्य

दुसऱ्याचे मोजमाप घेण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो? हा प्रश्न मला भोसरीच्या एका कारखान्यातील तपासणी विभागात पडला. एका तरुण कामगाराने लेथवर काढलेले शाफ्ट मी मापाबाहेर ठरवले आणि चारचौघांत त्याला बोल लावला. दुसऱ्या दिवशी ध्यानी आले, की माझा मायक्रोमीटरच शून्यावर नव्हता. तो दोन शतांश मिलिमीटर अधिक दाखवीत होता. नोंदवहीतील आकडा मी तत्काळ सुधारला. त्या मुलाची क्षमा मागण्यास मात्र मला आठ दिवस लागले.

पुढे न्यूट्रॉनच्या मोजणीविषयी वाचताना ही घटना पुन्हा आठवली. १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी शोधलेला हा कण विद्युतभाररहित असल्यामुळे स्वतःची खूण मागे ठेवीत नाही. न्यूट्रॉनच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांसाठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने जो बिल्ला वापरात आणला, त्यात 'सीआर-३९' हे प्लास्टिक असते. चष्म्याची भिंगेही त्याचीच करतात. न्यूट्रॉनच्या धक्क्याने उसळलेले प्रोटॉन त्या प्लास्टिकमध्ये अदृश्य ओरखडे उमटवतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवल्यावर त्या जागी खळगे पडतात व सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजता येतात. कामगाराच्या शरीराला किती मात्रा पोहोचली, हे त्या संख्येवरून ठरते.

परंतु न्यूट्रॉनचा स्पर्शही न झालेल्या कोऱ्या तुकड्यावर काही खळगे असतातच. काही हवेतील रेडॉन वायूमुळे, काही प्लास्टिकच्या अंगच्या दोषांमुळे. ते आधी मोजून वजा करावे लागतात. शिवाय शंभर खळगे मोजले, तर केवळ योगायोगाने दहाएक कमी-अधिक होऊ शकतात. तेवढी अनिश्चितता आकड्यापुढे लिहिली नाही, तर तो आकडा अर्धसत्य ठरतो.

मग मोजूच नये काय? तसे नव्हे. मोजणे सोडले, तर मात्रा ओलांडलेला कामगार धोक्यातच राहील आणि सदोष शाफ्ट यंत्रात बसेल. कोणालाच दोष न देणे ही क्षमाशीलता नव्हे; पुष्कळदा तो आळस असतो. मात्र दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ मोजण्याआधी आपल्या डोळ्यातील मुसळ वजा केले पाहिजे, आणि निवाडा कितपत पक्का आहे तेही सांगितले पाहिजे.

एवढे कळूनही एक हिशेब बाकी आहे. त्या मुलाला मी बोल लावला तो चारचौघांत. क्षमा मात्र मागितली एकांतात.